एक वचन आणि तीन दरवाजे: हासोर, मगिद्दो व गेजेर यांच्या कालनिर्णयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

बायबलमधील राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात, पंधराव्या वचनात, शलमोन राजाने वेठबिगार लावून केलेल्या बांधकामांची एक छोटी यादी आहे. परमेश्वराचे मंदिर, राजाचा वाडा, मिल्लो आणि यरुशलेमेचा कोट यांच्याबरोबर तीत हासोर, मगिद्दो आणि गेजेर ही तीन नगरे येतात. पुढच्याच वचनात मिसरच्या (इजिप्तच्या) फारोने गेजेर जिंकून जाळले आणि ते आपल्या मुलीला, म्हणजे शलमोनाच्या राणीला, आंदण दिले असे सांगितले आहे. शलमोनाची कारकीर्द परंपरेने इ.स.पू. ९७० च्या सुमारापासून ९३० च्या सुमारापर्यंत धरतात. विसाव्या शतकात याच एका वचनाच्या आधारे तीन टेकाडांवरील बांधकामांना काळ लावला गेला, आणि त्या काळाच्या आधारे संपूर्ण प्रदेशातील खापरांची कालगणना उभी राहिली.

ही तिन्ही ठिकाणे मिसरहून सीरियाकडे जाणाऱ्या जुन्या मार्गाच्या आसपास आहेत. गेजेर किनारपट्टीचे मैदान आणि यहुदाचे डोंगर यांच्या सीमेवर आहे, मगिद्दो इज्रेलच्या खोऱ्यात खिंडीच्या तोंडाशी आहे आणि हासोर गालील समुद्राच्या उत्तरेला. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या अवशेषांनी बनलेल्या उंचवट्याला पांढरीचे टेकाड म्हणतात. ही तीन त्याच जातीची टेकाडे आहेत, फक्त आकाराने फार मोठी.

तिन्ही ठिकाणी एकाच धाटणीचा नगरदरवाजा सापडला. मधून सुमारे ४.२ मीटर रुंदीची वाट, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खोल्या, आणि पुढे दोन बुरूज. महाराष्ट्रातील कोणत्याही किल्ल्याच्या महादरवाजातून आत गेलेल्या माणसाला पहारेकऱ्यांच्या देवड्या ठाऊक असतात. या सहा खोल्यांना देवड्या म्हटले तर त्यांची रचना लगेच डोळ्यांसमोर येते. हासोर आणि मगिद्दो येथील दरवाजांची लांबी प्रत्येकी सुमारे २०.३ मीटर आहे, तर गेजेरच्या दरवाजाची सुमारे १९ मीटर. भिंतींची जाडी तिन्हीकडे साधारण १.६ मीटर भरते. इतके साम्य पाहिल्यावर कोणाही अभ्यासकाच्या मनात पहिला विचार येईल तो एकच नकाशा आणि एकच राजा असा. इस्राएली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांच्या मनातही तोच विचार आला.

प्रश्न

हे दरवाजे कोणी बांधले, एवढाच प्रश्न असता तर तो विशेषज्ञांपुरता राहिला असता. दरवाजे दहाव्या शतकातील असतील, तर दावीद आणि त्याचा मुलगा शलमोन यांच्या काळात यरुशलेमेत दूरवरची नगरे एका आराखड्याने बांधू शकणारी राजसत्ता होती, असे म्हणता येते. ते नवव्या शतकातील असतील, तर त्यांचे श्रेय उत्तरेकडील इस्राएलच्या राज्याला, अम्री आणि अहाब यांच्या घराण्याला जाते, आणि दहाव्या शतकातील यरुशलेमेचे चित्र बरेच साधे होते. पाऊणशे ते शंभर वर्षांच्या फरकावर प्राचीन इस्राएलच्या राज्यनिर्मितीचा सगळा इतिहास अवलंबून आहे.

अडचण अशी की या दरवाजांवर कोणत्याही राजाचे नाव कोरलेले नाही. त्या काळातील नाणी नाहीत, कारण नाणी अजून चलनात आलेली नव्हती. उरतात ते थर, खापरे आणि ग्रंथातील वचन. या तिघांपैकी कोणाला आधी बोलू द्यायचे, हा या प्रकरणातील खरा पेच आहे.

पहिला निर्णय: हासोर, १९५० चे दशक

यादीन यांनी हासोरचे उत्खनन १९५५ ते १९५८ या काळात केले. त्याआधी ते इस्राएलच्या सैन्याचे प्रमुख होते, त्यामुळे तटबंदी आणि दरवाजे यांच्याकडे पाहण्याची त्यांची नजर लष्करी होती. हासोरला दरवाजाचा काही भाग उघडा पडला, तेव्हा त्यांना मगिद्दोचा दरवाजा आठवला. शिकागो विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या पथकाने तो १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढला होता आणि तो शलमोनाचा मानला जात होता.

यादीन यांनी स्वतः नोंदवलेला एक प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. पुढची माती काढण्याआधी त्यांनी मगिद्दोच्या दरवाजाचा नकाशा हासोरच्या जमिनीवर खुंट्या ठोकून आखला आणि मजुरांना भिंत कुठे लागेल आणि देवडी कुठे ते सांगितले. खणल्यावर भिंती नेमक्या तेथेच निघाल्या. मजुरांना ती जादूच वाटली. त्यांना ते वचन वाचून दाखवल्यावर बायबलविषयीचा आदरही वाढला, असे यादीन लिहितात.

हे भाकीत अस्सल होते आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण ते नेमके कशाविषयी होते, हे तपासले पाहिजे. हासोर आणि मगिद्दो येथील दरवाजांचा आराखडा सारखा आहे, एवढे त्याने सिद्ध झाले. ते एकाच दशकात किंवा एकाच राजाने बांधले हे त्यातून निघत नाही. आराखडा शंभर वर्षे टिकू शकतो आणि गवंड्यांच्या पिढ्या तो पुढे नेऊ शकतात. या दोन विधानांमधील अंतर त्या दिवशी झाकले गेले, आणि या प्रकरणातील पुढचे बरेचसे वाद त्या अंतरातूनच निघाले.

गेजेरबाबत यादीन यांनी कुदळ न उचलता काम केले. आयरिश पुरातत्त्वज्ञ मॅकॅलिस्टर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गेजेर खणले होते. एका बांधकामाला त्यांनी मक्काबी काळातील, म्हणजे आठशे वर्षांनी नंतरचा, गढीवजा वाडा समजून त्याचा नकाशा छापला होता. त्या नकाशात यादीन यांना सहा देवड्यांच्या दरवाजाचा अर्धा भाग दिसला, आणि १९५८ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम डेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उरलेला अर्धा भाग उघड केला. कागदावरचा जुना नकाशा वाचून मातीखालची वस्तू ओळखण्याचे हे उदाहरण आजही विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगे आहे.

दुसरा निर्णय: मगिद्दो, १९६०

येथे यादीन यांच्यासमोर एक विसंगती उभी राहिली. हासोर आणि गेजेर येथे दरवाजाला जोडलेली तटबंदी दुपदरी होती, म्हणजे दोन समांतर भिंती आणि त्यांच्यामध्ये आडव्या भिंतींनी पाडलेल्या खोल्या. मगिद्दोला मात्र त्याच दरवाजाशी भरीव, एकसंध तट जोडलेला दाखवला होता. शिकागोच्या पथकाने तो तट, दरवाजा आणि शेकडो घोड्यांच्या पागा म्हणून ओळखल्या गेलेल्या इमारती हे सगळे एकाच थरात, शलमोनाच्या नावावर, टाकले होते.

या टप्प्यावर तीन पर्याय होते. मगिद्दोचा दरवाजा इतर दोघांच्या काळातला नाही, असे मानता आले असते. तिन्ही दरवाजे एकाच राजाचे नाहीत, असेही मानता आले असते. तिसरा पर्याय असा की शिकागोच्या पथकाने थर चुकीचे लावले आहेत आणि भरीव तटाखाली दुपदरी तट दडलेला आहे. यादीन यांनी तिसरा पर्याय घेतला आणि १९६० मध्ये मगिद्दोला मर्यादित खणत्या घेतल्या.

त्यांना काही सापडलेही. दरवाजाच्या पूर्वेला, भरीव तटाच्या खाली, घडीव दगडांचा सुमारे २८ गुणिले २१ मीटरचा एक राजवाडा निघाला. त्याच्या दोन्ही बाजूंना टेकाडाच्या कडेने खोल्यांची रांग होती. यादीन यांनी तिला दुपदरी तटबंदी म्हटले, तिच्याशी दरवाजा जोडला आणि हे सगळे शलमोनाला दिले. भरीव तट आणि पागा त्यांनी नंतरच्या, अहाबाच्या काळात ढकलल्या. त्याला एक स्वतंत्र आधार होता. इ.स.पू. ८५३ च्या कर्कारच्या लढाईविषयी अश्शूरच्या (असिरियाच्या) तिसऱ्या शल्मनेसर राजाने कोरून ठेवलेल्या लेखात अहाबाच्या दोन हजार रथांचा उल्लेख आहे.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वात नाजूक जागा हीच आहे. विसंगती दिसताच ती तपासायला माणूस पुन्हा टेकाडावर गेला, हे उत्तम शास्त्रीय वर्तन होते. पण खणत्या लहान होत्या, आणि काय शोधायचे आहे ते आधीच ठरलेले होते. मूळ प्रश्न दरवाजा आणि तट यांच्या प्रत्यक्ष सांध्याचा होता. दरवाजाच्या पायाला नेमकी कोणती भिंत टेकते आणि कोणती जमीन दरवाजाच्या वापराच्या काळातली आहे, हे पाहायला हवे होते. त्या सांध्याचे निर्णायक उत्तर मिळण्याआधीच निष्कर्ष छापला गेला. हासोरच्या उत्खननातले यादीन यांचे सहकारी योहानान आहारोनी यांनाही मगिद्दोची ही मांडणी पटली नाही. टेकाडाच्या कडेच्या त्या खोल्या म्हणजे साध्या इमारतींच्या मागच्या बाजू आहेत, तटबंदी नव्हे, हा आक्षेप तेव्हापासून कायम राहिला.

तिसरा टप्पा: आक्षेप

१९८० मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड उसिश्किन यांनी प्रश्न सरळ शब्दांत विचारला: मगिद्दोचा ‘शलमोनाचा’ दरवाजा खरोखर शलमोनाने बांधला का? त्यांचे निरीक्षण असे होते की शिकागोच्या पथकाला दिसलेल्या दरवाजाच्या भिंतींचा मोठा भाग म्हणजे भरावात गाडलेला पाया होता. वापराची जमीन त्याच्या वर होती आणि दरवाजा भरीव तटाबरोबरच बांधलेला होता. तसे असेल तर दरवाजा पागांच्या थरात, म्हणजे यादीन यांनी स्वतःच अहाबाला दिलेल्या काळात जातो. यादीन यांनी लगेच प्रत्युत्तर दिले. पण १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि वाद पुढच्या पिढीकडे गेला.

दरम्यान सहा देवड्यांचे दरवाजे इतर ठिकाणीही सापडत गेले. यहुदातील लाखीश येथे, पलिष्ट्यांच्या अश्दोद येथे, आणि यार्देन नदीपलीकडे मवाबाच्या प्रदेशातही ते निघाले. शलमोनाचा शिल्पकार पलिष्टी आणि मवाबी राजांसाठी बांधकाम करत होता, असे कोणी म्हणणार नाही. हा आराखडा लोहयुगातील त्या प्रदेशाची सर्वसाधारण पद्धत ठरला, आणि ‘एक नकाशा म्हणून एक राजा’ हा युक्तिवाद कमकुवत झाला.

१९९६ मध्ये पुरातत्त्वज्ञ इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी संपूर्ण कालगणनाच पाऊणशे ते शंभर वर्षांनी खाली आणावी, असे सुचवले. त्यांचा एक आधार इज्रेल येथील उत्खनन होता. तेथील मोठी तटबंदीयुक्त वास्तू अम्रीच्या घराण्याची मानली जाते, आणि तिच्यातील खापरे मगिद्दोच्या ‘शलमोनी’ राजवाड्यांच्या थरातील खापरांसारखी निघाली. दुसरा मुद्दा दगडांवरचा. मगिद्दोच्या राजवाड्याच्या घडीव दगडांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणांशी जुळणाऱ्या खुणा शोमरोनच्या राजवाड्यातील दगडांवरही आहेत. शोमरोन ही अम्रीने वसवलेली राजधानी, म्हणजे नवव्या शतकातील. दगडावरची ती खूण हातभरसुद्धा नसते, पण दोन बांधकामे एकाच परंपरेतील कारागिरांनी केली असावीत हे सांगायला ती पुरते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. यादीन यांनी वचनावरून काळ ठरवला, असा आक्षेप घेणारी बाजूही इज्रेल आणि शोमरोन यांचा काळ बऱ्याच अंशी त्याच ग्रंथावरून ठरवते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की अम्रीचे नाव मवाबाच्या मेशा राजाच्या शिलालेखात येते आणि अहाबाचे अश्शूरच्या लेखात. शलमोनाला असा समकालीन बाहेरचा साक्षीदार अजून मिळालेला नाही.

पारंपरिक बाजूलाही सबळ मुद्दे होते. हासोरला सहा देवड्यांच्या दरवाजाच्या थरापासून इ.स.पू. ७३२ मधील अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याने केलेल्या विध्वंसापर्यंत एकावर एक सहा थर आहेत. दरवाजा नवव्या शतकात आणला तर हे सगळे थर सुमारे दीडशे वर्षांत कोंबावे लागतात. १९९० पासून हासोरचे काम पुन्हा सुरू करणारे अम्नोन बेन-तोर यांनी या मुद्द्यावर दरवाजा दहाव्या शतकातच ठेवला.

समोरचे पर्याय आणि घेतलेले पाऊल

खापरांनी खापरांचा काळ ठरवण्याच्या या फेऱ्यातून बाहेर पडायला दोन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे थरात सापडलेला आणि निश्चित तारीख असलेला परकीय लेख. असा एक लेख मगिद्दोला होताही. पहिल्या शोशेंक फारोच्या, म्हणजे बायबलमधील शिशकाच्या, विजयस्तंभाचा नाव असलेला तुकडा शिकागोच्या पथकाला मिळाला. मिसरमधील कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवरील शोशेंकच्या यादीतही मगिद्दोचे नाव आहे, आणि त्याची स्वारी इ.स.पू. ९२५ च्या सुमाराची मानतात. पण तो तुकडा मिळाला तो १९०३ ते १९०५ मध्ये तेथे खणणाऱ्या शूमाकर यांच्या उत्खननातून बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात. शूमाकर यांनी टेकाडाच्या मधोमध सुमारे २० मीटर रुंदीचा खंदक काढला होता. मजुरांच्या पाट्यांतून तो दगड कोणत्या थरातून वर आला, हे आता कधीच कळणार नाही.

दुसरी वाट कार्बन-१४ ची, म्हणजे सेंद्रिय अवशेषांतील किरणोत्सारी कार्बन मोजून काळ काढण्याची होती, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटापासून तीच घेतली गेली. सुरुवातीचे नमुने लाकडी कोळशाचे असत. त्यात धोका असा की तुळईचे लाकूड जळण्याच्या शंभर वर्षे आधीही तोडलेले असू शकते. म्हणून जळालेले धान्य आणि ऑलिव्हच्या बिया यांच्याकडे लक्ष वळले, कारण दाणा एका हंगामाचा असतो. यार्देनच्या खोऱ्यातील तेल रहोव येथे अमिहाई माझार यांच्या पथकाला जळालेल्या धान्याचे साठे मिळाले. त्यांच्या तारखा २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि तेथील एका थराचा नाश दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शोशेंकच्या स्वारीच्या आसपास बसतो असे त्यांचे म्हणणे होते.

काय निष्पन्न झाले

सरळ निकाल लागला नाही. मोजणीतील अनिश्चितता आणि त्या शतकांतील मापन-वक्राचे (कार्बनच्या मोजणीचे वर्षांत रूपांतर करणाऱ्या आलेखाचे) चढउतार यांमुळे एकाच तारखेचे दोन अर्थ लावता येत होते. तरीही दोन्ही बाजू हळूहळू जवळ आल्या. माझार यांनी ज्या खापरांच्या काळावरून वाद होता, तो काळ इ.स.पू. ९८० च्या सुमारापासून ८३० च्या सुमारापर्यंत ताणला. त्यामुळे त्याच धाटणीची खापरे शलमोनाच्या काळातही वापरात असू शकतात आणि अहाबाच्या काळातही. शंभर वर्षांची दरी काही दशकांवर आली.

२०२३ मध्ये गेजेरच्या एकामागून एक आलेल्या थरांतील नमुन्यांच्या, मुख्यतः बियांच्या, तारखा प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यानुसार तेथील मोठ्या सार्वजनिक बांधकामांचा थर दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू होतो. गेजेरपुरते पाहिले तर यादीन यांचा काळ टिकण्याची शक्यता वाढली आहे. मगिद्दोच्या दरवाजाबाबत मात्र उसिश्किन यांचा आक्षेप मला अधिक बळकट वाटतो. म्हणजे तीन दरवाजांचा एकत्र निकाल लावण्याची सवय सोडून प्रत्येक दरवाजाचा खटला वेगळा चालवावा लागतो. गेजेर दहाव्या शतकातले ठरले म्हणून मगिद्दो आपोआप तसे ठरत नाही, आणि मगिद्दो नवव्या शतकात गेले म्हणून गेजेर त्याच्या मागे जात नाही.

वेगळे काय करता आले असते

वचन वाचणे ही चूक नव्हती. कुठे खणायचे हे सुचवायला ग्रंथ उपयोगी पडतो, आणि हासोरला तो पडलाही. चूक झाली ती वचनाला थराच्या आधी तारीख द्यायला लावण्यात. गेजेरला लाल लेप देऊन हाताने घासून चमकवलेली खापरे दरवाजाच्या थरात मिळाली, आणि दरवाजा शलमोनाचा म्हणून ती खापरे दहाव्या शतकाची निशाणी मानली गेली. मग इतरत्र तशी खापरे मिळाली की तो थर शलमोनाचा ठरू लागला. हे वर्तुळ तीस वर्षे फिरत राहिले. त्या खापरांचा काळ सुरुवातीपासूनच ‘तात्पुरता’ असा लिहिला असता, तर त्यावर बांधलेल्या डझनभर इतर स्थळांच्या तारखाही तात्पुरत्या राहिल्या असत्या.

दुसरी गोष्ट सांध्यांची. भिंत भिंतीला टेकते तेथे माती न काढता उभा छेद राखून ठेवण्याची शिस्त मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात भारतातील उत्खननांत रुजवली, आणि त्यांच्याच पद्धतीत तयार झालेल्या कॅथलीन केनियन यांनी ती १९५० च्या दशकात यरीहोला वापरली. मगिद्दोचा दरवाजा खणला गेला तेव्हा ती तेथे नव्हती. उद्दिष्ट होते एकेका थराची पूर्ण नगररचना उघडी करून ती काढून टाकण्याचे आणि खाली जाण्याचे. अशा पद्धतीने नकाशे फार सुंदर मिळतात, पण पाच दशकांनी कोणी शंका काढली तर तिचे उत्तर द्यायला माती उरत नाही.

तिसरी गोष्ट साध्या सबुरीची. मॅकॅलिस्टर यांनी गेजेरच्या दरवाजाचा जो अर्धा भाग मोकळा केला, त्याच्या जमिनीवर जळका दाणा होता की नव्हता, हे त्या काळी कोणी पाहिले नाही, कारण त्याचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. तेथे आज तारीख लावण्याजोगे काही शिल्लक नाही. म्हणून आता गेजेरसारख्या उत्खननांत जमिनीवरील माती चाळली जाते, आणि प्रत्येक बी कोणत्या जमिनीवर, भिंतीपासून किती अंतरावर मिळाले, हे नोंदवले जाते.

मगिद्दोला आज गेलेल्या माणसाला त्या दरवाजाच्या एकाच बाजूच्या तीन देवड्या दिसतात. दुसरी बाजू खालचे जुने थर पाहण्यासाठी उत्खननातच काढून टाकली गेली, आणि तिच्याबरोबर तिच्या पायाचे सांधेही गेले.